रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : १४ जानेवारी १८८२, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे मराठी लेखक, संपादक, गणिताचे प्राध्यापक आणि भारतातील संततिनियमनाच्या प्रसाराचे आद्य प्रवर्तक होते. र. धों. कर्वे या नावाने ते अधिक परिचित आहेत. स्त्रीशिक्षणाचे कार्य करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील होत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. संततिनियमनाच्या इतिहासात त्यांची नोंद नेहमी घेतली जाते. त्या मानाने त्यांच्या कार्याचा दुसरा भाग दुर्लक्षित राहिला आहे. वीर्यनाश, स्वप्नावस्था, हस्तमैथुन आणि पौरुषशक्ती यांविषयी पुरुषांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसलेल्या भीतीला त्यांनी मराठीतून, शास्त्राच्या आधारे आणि संकोच न बाळगता उत्तरे दिली. त्या उत्तरांसाठी त्यांना न्यायालयात दंडही भरावा लागला.

बालपण आणि शिक्षण

कर्वे घराणे मूळचे कोकणातील दापोलीजवळच्या मुरुड गावचे. रघुनाथ हे धोंडो केशव आणि त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई यांचे पुत्र. १८९१ साली राधाबाईंचे निधन झाले, तेव्हा रघुनाथांचे वय नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी धोंडो केशव फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि कुटुंबाचे वास्तव्य पुण्यात आले. १८९३ साली धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. विवाहानंतर त्या आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे कुटुंबाला मुरुडमध्ये सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. रूढीविरुद्ध वागणाऱ्याला समाज कोणती किंमत मोजायला लावतो, हे रघुनाथांनी अशा रीतीने बालपणीच घरात पाहिले.

त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. वडिलांप्रमाणेच त्यांचाही विषय गणित होता. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळविले. युरोपात त्या काळी लैंगिक जीवनाचा शास्त्रीय अभ्यास आकार घेत होता. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या ग्रंथांचा कर्व्यांवर खोल प्रभाव पडला.

संततिनियमनाचे कार्य

मुंबईत परतल्यावर १९२१ साली कर्व्यांनी संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असेच केंद्र सुरू केले होते. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये काढलेले केंद्र पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले होते. ही पार्श्वभूमी पाहता मुंबईतील या प्रयत्नाचे महत्त्व लक्षात येते. १९२३ साली 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

या काळात ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. हे महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापन केलेले होते. संततिनियमनाचा जाहीर प्रचार आणि प्राध्यापकपद या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. कर्व्यांनी प्रचार सोडला नाही आणि १९२५ साली प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर स्थिर उत्पन्नाचे साधन त्यांना पुन्हा लाभले नाही.

त्यांच्या पत्नी मालतीबाई (माहेरच्या गंगूबाई गोखले) यांनी या कार्यात त्यांना साथ दिली. पती-पत्नींनी विचारपूर्वक मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. कर्व्यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. या शस्त्रक्रियेने पुरुष दुर्बळ होतो, असा समज त्या काळी सार्वत्रिक होता आणि आजही तो पुरता गेलेला नाही.

वीर्यनाशाच्या भीतीची पार्श्वभूमी

वीर्य हे शरीराचे सर्वांत मौल्यवान सार असून त्याच्या नाशाने शरीर, बुद्धी आणि आयुष्य यांचा क्षय होतो, ही कल्पना भारतात फार जुनी आहे. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू सांगितले आहेत आणि प्रत्येक धातूपासून पुढचा धातू तयार होतो असे मानले आहे. या क्रमात शुक्र शेवटचे असल्यामुळे ते सर्वांचे सार ठरले. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, असा हिशेब लोकांच्या तोंडी रूढ झाला. योग आणि तालीम यांच्या परंपरेत ब्रह्मचर्याला बलसाधनेचे स्थान मिळाले. मराठी बोलीत धातू जाणे हा शब्दप्रयोग आजही याच अर्थाने ऐकू येतो.

ही भीती केवळ भारतापुरती नव्हती. स्वित्झर्लंडमधील वैद्य तिसो यांनी १७६० साली हस्तमैथुनाच्या कथित दुष्परिणामांवर फ्रेंचमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे युरोप-अमेरिकेतील वैद्यकात अंधत्व, वेड आणि क्षय यांसारख्या रोगांचे खापर या सवयीवर फोडले जात होते. इंग्रजी राजवटीत हे पाश्चात्त्य वैद्यकीय मत भारतातील जुन्या समजुतीला येऊन मिळाले. राष्ट्राची दुर्बलता ही तरुणांच्या वीर्यनाशातून आली, असे सांगणारे लेखन विसाव्या शतकाच्या आरंभी विपुल प्रमाणात होत होते. शक्तिवर्धक गोळ्या, लेह आणि तेले यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून झळकत असत. भीती जितकी मोठी, तितका औषधाचा खप अधिक, असे हे चक्र होते.

समाजस्वास्थ्य मासिक

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लेखन, संपादन, मुद्रितशोधन, हिशेब आणि अंक टपालात टाकणे ही सारी कामे ते बहुतांशी स्वतःच करीत. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, विवाह, वेश्याव्यवसाय, आहार, धर्मचिकित्सा, पुस्तकपरीक्षणे असे विविध विषय त्यात असत. 'शारदेची पत्रे' हे त्यातील एक लोकप्रिय सदर होते. स्त्रीलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे, हे मत त्यांनी या मासिकातून सातत्याने मांडले. मुखपृष्ठावर अनेकदा नग्न स्त्रीचित्र असे. मानवी देह मुळात अश्लील नाही, ही त्यामागील भूमिका होती. मात्र त्यामुळे विरोधकांच्या हाती आयते निमित्त आले.

मासिकाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरे. कुटुंबात, मित्रांजवळ किंवा गावच्या वैद्याजवळ जे विचारता येत नव्हते, ते वाचक पत्राने विचारीत. इतिहाससंशोधक श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी या पत्रव्यवहाराचा अभ्यास केला आहे. पत्रे लिहिणाऱ्यांत पश्चिम भारतातील मध्यमवर्गीय पुरुषांचा भरणा मोठा होता आणि वीर्यनाश, हस्तमैथुन, स्वप्नावस्था, संभोगाचे प्रमाण, इंद्रियाचा आकार हे त्यांच्या चिंतेचे विषय होते. नव्याने शिकलेला, नोकरी करणारा, विवाहाच्या उंबरठ्यावर असलेला तरुण आपल्या हातून तारुण्यात घडलेल्या एका सामान्य गोष्टीमुळे आयुष्य वाया गेले, असे समजून खचत होता. काही जण विवाहालाच नकार देण्याच्या विचारात असत, तर काही जण औषधांवर पैसा घालवीत.

कर्व्यांची उत्तरे थोडक्यात आणि रोखठोक असत. झोपेत वीर्यपतन होणे हा रोग नव्हे, हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हानी होते ती त्याविषयीच्या भीतीने आणि अपराधभावनेने, हे त्यांच्या उत्तरांचे सूत्र होते. ब्रह्मचर्य हे आरोग्यासाठी आवश्यक असते, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. या मुद्द्यावर त्यांनी महात्मा गांधींच्या मतांवरही कठोर टीका केली. गांधीजी संततिनियमनासाठी संयम हाच मार्ग मानत आणि कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तेव्हाही ते या भूमिकेवर ठाम राहिले.

१९३४ साली कर्व्यांचे 'आधुनिक कामशास्त्र' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शरीररचना, संभोग, गर्भधारणा आणि लैंगिक विकार यांची माहिती सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत त्यात दिली आहे. या विषयांना सभ्य मराठी शब्द नव्हते किंवा असले तरी ते अतिसंस्कृत होते. त्यामुळे वाचकाला कळेल आणि शिवीसारखी वाटणार नाही अशी भाषा घडविणे, हा त्यांच्या लेखनाचा एक महत्त्वाचा भाग ठरला.

खटले

कर्व्यांवरील दोन खटले विशेष गाजले. पहिला १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल झाला आणि त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला.

दुसरा खटला १९३४ साली झाला. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलैंगिक संबंध यांविषयीच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरविण्यात आली होती. कर्व्यांच्या बाजूने डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, वाचकांनी शंका विचारल्या असतील तर त्यांचे निरसन होणे आवश्यक आहे आणि गैरसमज ज्ञानानेच दूर होऊ शकतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

दंडाच्या रकमेपेक्षा या निकालाचा आशय महत्त्वाचा होता. अशक्तपणाच्या कथित रोगावर गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिराती उघडपणे छापल्या जात होत्या. असा रोगच नाही, हे सांगणारा संपादक मात्र दोषी ठरला. आधीच तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या मासिकावर खटल्यांच्या खर्चाचा मोठा बोजा पडला, परंतु कर्व्यांनी प्रश्नोत्तरे बंद केली नाहीत.

कर्व्यांची उत्तरे आणि आजचे वैद्यकशास्त्र

कर्व्यांनी दिलेल्या मूलभूत उत्तरांना पुढील काळातील संशोधनाने पुष्टी दिली. वीर्य रक्तापासून थेंबाथेंबाने आटवून तयार होत नाही. शुक्रजंतू वृषणात अखंडपणे निर्माण होत असतात. एक शुक्रजंतू तयार होण्यास साधारण दोन ते अडीच महिने लागतात आणि निरोगी पुरुषाच्या शरीरात रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात. एका वेळच्या वीर्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे दीड ते पाच मिलिलिटर असते. त्यातील बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांचा स्राव असून शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असतो. पाणी, साखर, प्रथिने आणि क्षार हे त्याचे मुख्य घटक होत. यांतून शरीराची जाणारी ऊर्जा नगण्य असते. बाहेर न पडलेले शुक्रजंतू शरीरातच विरघळून शोषले जातात. त्यामुळे वीर्य साठवून बळ वाढविता येत नाही.

वीर्यपतनानंतर जाणवणारा थकवा आणि झोप हा मज्जासंस्था व संप्रेरके यांचा तात्पुरता परिणाम असून तो थोड्या वेळाने आपोआप जातो. त्यानंतर काही काळ पुन्हा उत्तेजना येत नाही. हा काळ वयानुसार वाढत जातो आणि तोही स्वाभाविक असतो. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बंद केली जाते. पुरुषी संप्रेरकाची निर्मिती, कामेच्छा आणि वीर्यपतन पूर्ववत राहते आणि वीर्याच्या प्रमाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

१९६० साली भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी लघवीवाटे किंवा झोपेत वीर्य जात असल्याच्या चिंतेतून उद्भवणाऱ्या थकवा, अंगदुखी, उदासीनता आणि अस्वस्थता या लक्षणसमूहाला धात सिंड्रोम हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा उल्लेख आहे. या रुग्णांचा त्रास खरा असतो, परंतु त्याचे मूळ वीर्य जाण्यात नसून त्याविषयीच्या धास्तीत आणि अनेकदा सोबतच्या नैराश्यात असते. अशा रुग्णाला योग्य माहिती, समुपदेशन आणि गरज असल्यास नैराश्यावरील उपचार यांचा उपयोग होतो. कर्व्यांनी मासिकाच्या पानांतून केलेले काम याच जातीचे होते.

काही तक्रारींना मात्र वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. वीर्यात किंवा लघवीत रक्त येणे, वीर्यपतनाच्या वेळी वेदना, लघवीला जळजळ, पू जाणे, वृषणात गाठ किंवा सूज ही लक्षणे संसर्ग वा अन्य रोगाची असू शकतात. लिंगाला दीर्घकाळ ताठरता न येणे हे मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराचे आरंभीचे लक्षण असू शकते. शीघ्रपतनावर सराव, समुपदेशन आणि औषधे असे परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत. आजार आणि आजाराची भीती यांत फरक करावा आणि आजारासाठी शिक्षित डॉक्टरकडे जावे, ही कर्व्यांची शिकवण आजही लागू पडते.

अखेरची वर्षे

लैंगिक विषयांखेरीज कर्व्यांनी 'आधुनिक आहारशास्त्र' (१९३८) आणि 'वेश्याव्यवसाय' (१९४०) ही पुस्तके लिहिली. फ्रेंच साहित्याच्या परिचयातून त्यांनी ललित लेखनही केले. 'पॅरिसचं घर' (१९४६) हे त्यांपैकी एक होय. १९४४ साली मालतीबाईंचे निधन झाले. त्यानंतर एकाकी आणि आर्थिक ओढगस्तीच्या अवस्थेतही त्यांनी मासिक चालू ठेवले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा समावेश झाला आणि १९५२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या कार्यापायी कर्व्यांना नोकरी गमवावी लागली होती, ते तीन दशकांनंतर शासनाचे धोरण बनले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. महर्षी कर्वे यांना पुत्राचा मृत्यू पाहावा लागला. ते स्वतः १९६२ सालापर्यंत हयात होते.

मूल्यमापन आणि वारसा

कर्व्यांच्या विचारांना काही मर्यादाही होत्या. त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः शिक्षित आणि मध्यमवर्गीय होता. निरक्षर कष्टकऱ्यांपर्यंत मासिक पोहोचणे कठीण होते. त्यांच्या काळातील अनेक सुधारकांप्रमाणे सुप्रजननशास्त्राच्या काही कल्पना त्यांनाही पटल्या होत्या आणि त्या आज त्याज्य मानल्या जातात. लैंगिक प्रश्नांकडे ते बुद्धिवादाच्या एकाच चष्म्यातून पाहतात, असाही आक्षेप घेतला गेला. तथापि, विचारणाऱ्याला न हिणविता सत्य सांगणे ही त्यांची रीत मराठी समाजाला नवीन होती.

त्यांच्या मृत्यूनंतर कायद्यातही त्यांच्या भूमिकेच्या दिशेने बदल झाले. १९५४ साली औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध केंद्रीय कायदा झाला आणि कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आली. १९६९ साली भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला वा विद्येच्या हितासाठी केलेल्या लोकोपयोगी प्रकाशनांना अश्लीलतेच्या गुन्ह्यातून वगळण्यात आले. १९३४ साली असा अपवाद कायद्यात लिहिलेला नव्हता. दुसरीकडे, २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध होऊन तो स्थगित झाला, यावरून या विषयावरील संकोच किती चिवट आहे हे दिसते.

य. दि. फडके यांनी कर्व्यांवर चरित्रपर लेखन केले, तर श्री. ज. जोशी यांनी 'रघुनाथाची बखर' ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. अनंत देशमुख यांनी कर्व्यांच्या निवडक लेखनाचे संपादन केले. अमोल पालेकर यांनी २००१ साली त्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट दिग्दर्शित केला. अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' या नाटकाने त्यांच्यावरील खटल्यांची कहाणी नव्या पिढीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचविली.